लहान महाविद्यालयाचे दार : अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजांची प्रवेशपद्धती आणि प्रवेशेच्छूंना दिला जाणारा सल्ला

प्रस्तावना

अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा मोठ्या विद्यापीठांच्या संदर्भात होतो. धर्मानंद कोसंबींमुळे हार्वर्ड, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे कोलंबिया आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांमुळे कॉर्नेल ही नावे मराठी वाचकाच्या परिचयाची झाली. त्या मानाने तेथील लहान निवासी महाविद्यालये, म्हणजेच 'लिबरल आर्ट्स कॉलेजे', अपरिचित राहिली आहेत. साधारणतः एक ते तीन हजार विद्यार्थी, कला व विज्ञान यांचा एकत्रित चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, पदव्युत्तर विभागांचा जवळजवळ अभाव आणि अध्यापनालाच प्राध्यापकाचे मुख्य काम मानण्याची परंपरा, हे या संस्थांचे स्थूल स्वरूप होय. 'लिबरल' या शब्दाचा येथे राजकीय उदारमतवादाशी संबंध नाही. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या मध्ययुगीन युरोपातील सात विद्यांपासून हे नाव चालत आले आहे.

या महाविद्यालयांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज सल्ल्याची वाण नाही. निबंध कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावे, कोणते छंद नोंदवावेत, याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मात्र प्रवेश-अर्जातील रकाने मुळात आले कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतिहास पाहिल्यास असे दिसते की यातील प्रत्येक रकाना महाविद्यालयाच्या एखाद्या तत्कालीन गरजेतून निर्माण झाला. विद्यार्थ्याची पारख करणे हे त्याचे जाहीर कारण असले, तरी विद्यार्थी मिळवणे, नको असलेले टाळणे आणि अंदाजपत्रकाचा मेळ घालणे ही कारणे तितकीच प्रबळ होती. ही गरज ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ज वेगळ्या रीतीने वाचता येतो, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विद्यार्थ्यांच्या शोधातील महाविद्यालये

हार्वर्डची स्थापना १६३६ मध्ये झाली. १६४० च्या दशकातील तेथील नियमानुसार सिसरोसारखा लॅटिन लेखक वाचता क्षणी समजणे, लॅटिनमध्ये गद्यपद्य रचता येणे आणि ग्रीक नामे व क्रियापदे चालवता येणे एवढे जमले की प्रवेश मिळत असे. येल महाविद्यालयाने १७४५ मध्ये त्यात अंकगणिताची भर घातली. परीक्षा तोंडी असे व अध्यक्ष किंवा एखादा अध्यापक ती स्वतः घेई. वय, छंद, स्वभाव यांची विचारपूस नव्हती.

नियम कठोर दिसतात. व्यवहार तसा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विल्यम्स (१७९३), बोडॉइन (१७९४), मिडलबरी (१८००), अ‍ॅमहर्स्ट (१८२१), ओबर्लिन (१८३३), ग्रिनेल (१८४६) अशी महाविद्यालये निघत गेली. बहुतेकांमागे एखादा धर्मपंथ होता आणि गावाची प्रतिष्ठा होती. नव्हता तो तयार विद्यार्थी. माध्यमिक शाळा विरळ असल्याने लॅटिन-ग्रीक शिकून आलेली मुले मिळत नसत. परिणामी अनेक महाविद्यालयांना, विशेषतः न्यू इंग्लंडबाहेर, स्वतःचे पूर्वतयारी विभाग चालवावे लागले, आणि काही ठिकाणी त्या विभागातील मुलांची संख्या प्रत्यक्ष महाविद्यालयापेक्षा अधिक असे. एखाद्या विषयात कच्चा असलेल्या विद्यार्थ्याला 'अटीवर' प्रवेश देऊन ती उणीव नंतर भरून काढण्याची मुभा मिळे. आपल्याकडील एटीकेटीची आठवण करून देणारी ही सोय अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ राजरोस चालू होती, हे गुणवत्तेच्या सुवर्णयुगाविषयी बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्त्रियांच्या महाविद्यालयांत हा पेच अधिक ठळकपणे दिसतो. व्हासार महाविद्यालय १८६५ मध्ये सुरू झाले तेव्हा ३५३ विद्यार्थिनी दाखल झाल्या, पण त्यांपैकी अनेकींची तयारी अपुरी निघाली आणि पूर्वतयारी विभाग दोन दशकांहून अधिक काळ ठेवावा लागला. उलट स्मिथ महाविद्यालयाने पुरुषांच्या उत्तम महाविद्यालयांइतकीच प्रवेशाची अट ठेवण्याचा निर्धार केला व असा विभाग काढलाच नाही. १८७५ मध्ये त्याच्या पहिल्या वर्गात १४ विद्यार्थिनी होत्या. दर्जा राखायचा की वर्ग भरायचा, ही अडचण महाराष्ट्रातील विनाअनुदानित तुकडीच्या प्राध्यापकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात त्यांनी तेथील स्त्रीशिक्षणाची माहिती मराठी वाचकांपुढे ठेवली, ती नेमकी याच पिढीची.

दार उघडे होते, याचा अर्थ ते सर्वांसाठी उघडे होते असा नव्हे. अलेक्झांडर ट्वायलाइट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने १८२३ मध्ये मिडलबरीची पदवी घेतली. ओबर्लिनने १८३५ पासून कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला आणि १८४१ मध्ये तीन स्त्रियांना बी.ए. पदवी दिली. परंतु ही उदाहरणे ठळक वाटतात ती विरळ असल्यामुळेच. केंटकीतील बेरिया महाविद्यालयात कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय एकत्र शिकत होते. राज्य विधिमंडळाने १९०४ मध्ये कायदा करून ते थांबवले आणि १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. महाविद्यालयाला हवे असलेले विद्यार्थीही त्याच्या हाती राहू दिले गेले नाहीत, असे हे प्रकरण आहे.

प्रमाणपत्र, परीक्षा आणि प्राध्यापकांचे निवृत्तिवेतन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माध्यमिक शाळा वाढल्या आणि प्रवेशाचा प्रश्न उलटा झाला. प्रत्येक महाविद्यालयाची परीक्षा निराळी, नेमलेली पुस्तके निराळी. मग शाळांनी शिकवायचे काय? मिशिगन विद्यापीठाने १८७०-७१ च्या सुमारास तपासणी केलेल्या शाळांच्या प्रमाणपत्रावर प्रवेश देण्यास आरंभ केला. शाळेच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ही पद्धत पश्चिमेकडील महाविद्यालयांत पसरली. पूर्वेकडील संस्थांनी परीक्षा सोडली नाही, पण ती सामाईक केली. १९०० मध्ये कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड स्थापन झाले व जून १९०१ च्या पहिल्या परीक्षेस ९७३ उमेदवार बसले. उत्तरे निबंधवजा असत आणि शाळा व महाविद्यालये या दोहोंतील शिक्षक ती तपासत.

याच सुमारास एका अनपेक्षित दिशेने दडपण आले. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये एक कोटी डॉलर देऊन महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. निवृत्तिवेतन कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी 'महाविद्यालय' म्हणजे काय याची व्याख्या करणे भाग पडले. किमान सहा प्राध्यापक, चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि प्रवेशापूर्वी चार वर्षांचे माध्यमिक शिक्षण अशी ती व्याख्या होती. हे माध्यमिक शिक्षण 'युनिट' या मापात मोजायचे, एका विषयाच्या सुमारे १२० तासांचे एक युनिट धरायचे आणि अशी किमान १४ युनिटे मागायची, असे ठरले. धर्मपंथाच्या नियंत्रणाखालील संस्थांना या योजनेत स्थान नव्हते. परिणामी अनेक लहान महाविद्यालयांनी प्रवेशाच्या अटी वाढवल्या, पूर्वतयारीचे वर्ग आवरते घेतले आणि काहींनी आपल्या पंथाशी असलेले घटनात्मक संबंधही तोडले. एकोणिसाव्या शतकभर चाललेल्या शैक्षणिक चर्चांनी जे साधले नव्हते, ते म्हातारपणाच्या सोयीने साधले. आजही अमेरिकन महाविद्यालये अर्जदाराकडे नववी ते बारावी या चार वर्षांचे विषयवार गुणपत्रक मागतात, त्याचे एक मूळ येथे आहे.

'चारित्र्य' नावाचा निकष

पहिल्या महायुद्धानंतर जागांपेक्षा अर्जदार अधिक अशी स्थिती काही मोजक्या संस्थांत प्रथमच उद्भवली. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला घ्यायचे, तर पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील हुशार मुले मोठ्या संख्येने येऊ लागली होती. कोलंबियाने १९१९ च्या सुमारास सविस्तर अर्ज प्रचारात आणला. त्यात धर्म, वडिलांचे नाव व जन्मस्थान विचारले जाई. छायाचित्र आणि मुलाखत आली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्यूंच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचा विचार मांडला. तो १९२३ मध्ये फेटाळला गेला, पण १९२६ पासून 'चारित्र्य व व्यक्तिमत्त्व' या निकषाच्या आडून तेच साध्य करण्यात आले. आडनाव बदलले आहे काय, असाही प्रश्न हार्वर्डच्या अर्जात होता. पूर्वेकडील लहान महाविद्यालयांनी हीच साधने कमीअधिक प्रमाणात उचलली.

जेरोम कॅराबेल आणि हॅरॉल्ड वेक्स्लर यांच्या संशोधनामुळे हा इतिहास आता सुपरिचित आहे. मुलाखत, शिफारसपत्र, खेळ व छंद यांची यादी, माजी विद्यार्थ्याच्या अपत्यास झुकते माप या ज्या गोष्टींना 'संपूर्ण व्यक्तीचा विचार' म्हटले जाते, त्यांचा प्रसार वगळण्याच्या हेतूने झाला. पुढे हीच साधने समावेशासाठीही वापरली गेली, हे खरे. साधनाच्या जन्माने त्याचा सर्व उपयोग ठरत नाही. तरीही प्रवेशेच्छूला 'तू जसा आहेस तसाच दिस' असा सल्ला दिला जातो, तेव्हा कसे दिसणे पसंत केले जाईल याचा साचा आधीपासून तयार असतो, ही गोष्ट त्या सल्ल्यात सांगितलेली नसते.

याच दशकातील दुसरी घडामोड अधिक सुखद आहे. फ्रँक आयडेलॉट १९२१ मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. त्यांनी ऑक्सफर्डच्या अनुभवावरून १९२२ पासून ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. त्यात लहान चर्चावर्ग होते, दर आठवड्याचे लेखन होते आणि अखेरची परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येत. शिकवणारा व परीक्षा घेणारा वेगळा झाल्याने विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच बाजूस येतात, ही त्यातली मर्मज्ञ कल्पना. लहान महाविद्यालयाची ओळख निवासी जीवन व खेळ यांवरून अभ्यासावर आणण्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. प्रवेशेच्छूने संस्थेला विचारावयाच्या प्रश्नांत म्हणूनच वसतिगृहाच्या आधी हा प्रश्न यावा : शेवटच्या वर्षी विद्यार्थी नेमके काय लिहितो, आणि ते कोण वाचते?

गुणांपासून निबंधाकडे, आणि पुन्हा मागे

२३ जून १९२६ रोजी ८,०४० उमेदवारांनी पहिली एसएटी परीक्षा दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, असे तिचे स्वरूप होते. ती तयार करणारे कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये वंशश्रेष्ठत्वाला पाठबळ देणारा ग्रंथ लिहिला होता. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीर केले. परीक्षा मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९४४ च्या सैनिक पुनर्वसन कायद्यामुळे विद्यार्थिसंख्या वाढल्यावर, ती देशभर रूढ झाली. लांबच्या, अनोळखी शाळेतील मुलाला तिने वाट दाखवली, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावे.

तिला पहिला जाणीवपूर्वक नकार मिळाला तो एका लहान महाविद्यालयाकडून. बोडॉइनने १९६९ मध्ये एसएटी ऐच्छिक केली. बेट्स महाविद्यालयाने १९८४ मध्ये तोच मार्ग धरला आणि वीस वर्षांनी हिशेब मांडला : गुण कळवणारे व न कळवणारे यांच्या पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणात केवळ ०.१ टक्क्याचा फरक आढळला. अर्थात परीक्षा ऐच्छिक केल्यास अर्ज वाढतात आणि कळवलेल्या गुणांची सरासरीही वर जाते, हा लाभ संस्थांना दिसत नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२० च्या महासाथीत बहुतेक महाविद्यालयांनी परीक्षेची सक्ती उठवली. त्यानंतर काही संस्थांनी ती पुन्हा लागू केली, तर अनेक लहान महाविद्यालयांनी ती ऐच्छिकच ठेवली.

१९७५ मध्ये १५ खासगी महाविद्यालयांनी मिळून 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' हा सामाईक अर्ज काढला. हेतू विद्यार्थ्याचे श्रम वाचवण्याचा होता. आज त्यात हजाराहून अधिक संस्था आहेत. एक अर्ज अनेक ठिकाणी पाठवणे सोपे झाल्याने प्रत्येक ठिकाणचे अर्ज वाढले, जागा तेवढ्याच राहिल्या आणि प्रवेशाचे प्रमाण घसरले. १९८३ पासून एका साप्ताहिकाने सुरू केलेल्या क्रमवारीने या घसरणीलाच प्रतिष्ठा दिली. रीड महाविद्यालयाने १९९५ मध्ये त्या क्रमवारीस माहिती देणे थांबवले. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर यांच्यासारख्या संस्थांत अलीकडे दहा टक्क्यांहूनही कमी अर्जदारांना प्रवेश मिळतो. पण अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बहुसंख्य लहान महाविद्यालये निम्म्याहून कितीतरी अधिक अर्जदारांना घेतात आणि तरीही त्यांचे वर्ग भरत नाहीत. प्रवेशाविषयीचा प्रचलित सल्ला या मूठभर संस्थांच्या भीतीवर बेतलेला असतो व तो उरलेल्या सर्वांना लागू केला जातो, हा त्यातील मोठा दोष होय.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे अवैध ठरवले. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिल्यास त्याची दखल घेता येईल, असेही म्हटले. निबंधाच्या शिरावर त्यामुळे एक कायदेशीर ओझे आले. पुढच्याच वर्षी अ‍ॅमहर्स्टच्या प्रथम वर्षातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. सतरा वर्षांच्या मुलाने आपले दुःख सहाशे-साडेसहाशे शब्दांत मांडावे आणि त्यावरून त्याची निवड व्हावी, ही अपेक्षा न्याय्य आहे काय, हा प्रश्न तेथील प्राध्यापकही विचारत आहेत.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील डीप स्प्रिंग्ज (१९१७) हे या चित्रातील नमुनेदार अपवाद आहे. एकूण विद्यार्थी तीसच्या आत-बाहेर, शिक्षण निःशुल्क, गुराढोरांची व शेताची कामे विद्यार्थ्यांकडे, आणि प्रवेशसमितीतही विद्यार्थीच बहुसंख्य. अर्जदाराला अनेक निबंध लिहावे लागतात व निवडीच्या अखेरच्या टप्प्यात तेथे काही दिवस राहून कामही करावे लागते. पारख कशासाठी, हे तेथे लपलेले नाही : पहाटे दूध काढायला कोण उठेल, ते पाहायचे असते. २०१८ पासून तेथे स्त्रियांनाही प्रवेश आहे.

शुल्क आणि संस्थेचे आयुष्य

जाहीर शुल्क आणि प्रत्यक्ष आकारलेले शुल्क यांतील अंतर हा या महाविद्यालयांच्या व्यवहाराचा गाभा आहे. अमेरिकेतील खासगी महाविद्यालये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना जाहीर शिक्षणशुल्कात सरासरी निम्म्याहून अधिक सूट देत आली आहेत. शिष्यवृत्ती म्हणून गौरवाने कळवलेली रक्कम पुष्कळदा ही सूटच असते. १९५० च्या दशकापासून २३ प्रतिष्ठित संस्था दरवर्षी एकत्र बसून एकाच विद्यार्थ्याला देऊ केलेले साहाय्य सारखे करून घेत असत. न्याय विभागाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली हरकत घेतल्यावर १९९१ मध्ये ती प्रथा बंद पडली. विद्यार्थ्याने एका महाविद्यालयाचे पत्र दुसऱ्यास दाखवून पुनर्विचाराची विनंती करणे तेव्हापासून अधिक शक्य झाले आहे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

मात्र सूट वाढवत गेलेली संस्था स्वतः किती दिवस टिकेल, हाही प्रश्न आहे. ग्रीन माउंटन महाविद्यालय २०१९ मध्ये बंद झाले. व्हर्जिनियातील स्वीट ब्रायरने २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा केली होती. माजी विद्यार्थिनींनी निधी उभारून व न्यायालयात जाऊन ती परतवली. न्यूयॉर्क राज्यातील वेल्स महाविद्यालयाला (१८६८) असे कोणी वाचवू शकले नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस घोषणा झाली आणि ते सत्र संपताच महाविद्यालय संपले. द्वितीय-तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. अमेरिकेतील जन्मदर २००८ नंतर घटत गेल्याने अठरा वर्षांच्या मुलांची संख्याही आता उतरणीस लागली आहे. सबब प्रवेशेच्छूने महाविद्यालयाची पटसंख्या गेल्या दहा वर्षांत कशी बदलली हे पाहावे. बहुतेक संस्थांना करखात्याकडे भरावा लागणारा 'फॉर्म ९९०' सार्वजनिक असतो. त्यात तूट सलग किती वर्षे आहे ते दिसते. हे वाचन निबंधाच्या दहाव्या खर्ड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील अर्जदार आणि त्याचे शिक्षक

या महाविद्यालयांशी महाराष्ट्राचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १८१३ मध्ये मुंबईस आलेले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे १८०८ चे विल्यम्सचे पदवीधर. ते महाविद्यालय तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे होते. दलित चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट आयोवातील विल्यम पेन या लहान क्वेकर महाविद्यालयात शिकल्या आणि १९६९ ते १९९७ मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात शिकवत राहिल्या. मध्यपश्चिमेतील अशा महाविद्यालयांच्या संघाने १९६९ पासून आपले विद्यार्थी पुण्यास पाठवले. ते कुटुंबांत राहून मराठी शिकत. येणे बहुतांशी तिकडून झाले, जाणे फारसे झाले नाही.

आता जाणारी मुले वाढत आहेत, आणि त्यांच्या अर्जातील एक भाग येथील शिक्षकाला लिहावा लागतो. गुणवत्तायादी व सामाईक प्रवेश परीक्षा यांच्या सवयीमुळे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत शिफारसपत्र ही औपचारिकता समजली जाते. विद्यार्थ्यानेच मसुदा आणावा आणि शिक्षकाने सही-शिक्का करावा, असा प्रघात अनेक ठिकाणी आहे. 'मेहनती, शिस्तप्रिय व आज्ञाधारक' हे शब्द तिकडील वाचणाऱ्यास काहीच सांगत नाहीत. वर्गात विचारलेला एखादा प्रश्न, प्रयोगवहीतील एखादी चूक त्याने कशी शोधली, निकालानंतर पुनर्मूल्यांकनाऐवजी तो काय समजून घ्यायला आला, असा एखादा प्रसंग नेमका लिहिला तर ते पत्र उपयोगाचे होते. ऐंशी-शंभरांच्या तुकडीत विद्यार्थी इतका ओळखीचा होणे कठीण आहे, ही अडचण खरी आहे. ती पत्रातच एका वाक्यात नमूद करण्यास हरकत नसावी. तुकडीचा आकार आणि मंडळाच्या परीक्षेतील गुणदानाची रीत तिकडे कोणाला ठाऊक असेलच असे नाही.

शेवटची बाब पैशाची. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता निवड करणारी व निवड झाल्यास पूर्ण गरज भागवणारी महाविद्यालये अत्यल्प आहेत. अ‍ॅमहर्स्टने २००८ मध्ये व बोडॉइनने २०२२ मध्ये हे धोरण परदेशी विद्यार्थ्यांना लागू केले. इतर बहुतेक ठिकाणी साहाय्याची मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते, आणि अर्ज करताना साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील चार वर्षांत ते मागता येत नाही, असा नियम अनेक संस्थांत आहे. संधी वाढावी म्हणून 'साहाय्य नको' असे लिहून द्यावे, असा सल्ला येथे काही पालकांना मिळतो. तो पाळलेल्या कुटुंबाला दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची तजवीज पहिल्या वर्षीच करून ठेवावी लागते.